कपभर कोमट पाणी, पाव चमचा मीठ

प्रेमकथेतल्या मुलीला म्हणे आधी मुलाचे डोळे दिसतात. मला कान दिसला. उजवा. सुजून भरताच्या वांग्याच्या रंगाचा झालेला, आणि त्यावर हळद, खोबरेल तेल, चुना आणि… मी जवळ जाऊन वास घेतला… टूथपेस्ट!

"हे कोणी लावलं?" मी विचारलं.

"त्यातलं कोणतं?" तो शांतपणे म्हणाला. "हळद आईनं. तेल काकूनं. चुना शेजारच्या आबांनी. टूथपेस्ट माझी."

"म्हणजे फोडणी तेवढी द्यायची राहिली!"

तो हसला. कान दुखत होता म्हणून अर्धाच हसला, डाव्या बाजूनं. मला त्या अर्ध्या हसण्याचाही राग आला. एप्रिल महिना, सावद्यात पारा चव्वेचाळीसवर, दवाखान्यातला कूलर नुसता आवाज करणारा, सकाळपासून बसायला मिळालेलं नाही — आणि हा माणूस कानावर अख्खं किराणा दुकान मांडून हसतोय!

मी मोहिनी. त्या दवाखान्यात नर्स आहे. गावात मला सगळे सिस्टर म्हणतात आणि पाठीमागे रागीट म्हणतात. दोन्ही खरं आहे.

मी कापसानं तो लगदा पुसत गेले. खालून एक बारीक सोन्याची बाळी निघाली. केळीचा घड खांद्यावर घेताना ती दांड्यात अडकली होती, आणि भोक खालच्या बाजूला फाटलं होतं. आठ दिवस त्यानं घरच्या औषधांवर काढले होते. डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "गोळ्या देतो. पण ही बाळी काढावी लागेल."

"ती नाही काढता येत."

"अडकलीय?"

"नाही… नवसाची आहे."

मी केसपेपरवरचं नाव वाचलं. भिकन. आमच्या भागात हे नाव कोणी हौसेनं ठेवत नाही. वरची मुलं जगली नाहीत की पुढचं मूल देवाकडून मागून आणलेलं समजायचं, त्याचं नाव भिकन ठेवायचं आणि कान टोचायचा. याच्या आधीचे दोघे भाऊ वर्षाच्या आत गेले होते. हा तिसरा. त्याच्या आईनं मनुदेवीला शब्द दिला होता — बाळी याच्या लग्नाच्या दिवशी काढीन आणि तुझ्या पायाशी ठेवीन, त्याच्या एक दिवसही आधी नाही.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "ठीक आहे, सध्या राहू दे. बाळीमुळे भोक उघडं राहील, घाण बाहेर येईल. गोळ्या चुकवू नका, आणि दोन वेळा मिठाच्या पाण्यात कान बुडवा. सिस्टर सांगतील कसं ते. पण रविवारी सकाळपर्यंत सूज उतरली नाही तर मी बाळी कापणार. मग नवस असो की काही असो."

मी त्याला बाजूला घेतलं. "नीट ऐका. कपभर पाणी उकळून कोमट करायचं. त्यात पाव चमचा साधं मीठ. कानाची पाळी पाच मिनिटं त्यात बुडवायची. मग स्वच्छ कापडानं टिपायचं… पुसायचं नाही, टिपायचं. बाळी फिरवायची नाही. दुसरं काही लावायचं नाही. काही म्हणजे काही नाही!"

"टूथपेस्ट दातांना लावली तर चालेल?"

मी त्याच्याकडे असं पाहिलं की रांगेतल्या दोन म्हाताऱ्या गप्प झाल्या. तो मात्र जाताना म्हणाला, "येतो मॅडम."

"मला सिस्टर म्हणतात."

"हो, ऐकलं. मी नाही म्हणणार." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तो आईला घेऊन आला. कुंदाबाई. डोक्यावर पदर, हातावर उडदाचं पीठ, डोळ्यांत नुसती धास्ती. कानाकडे पाहतच त्यांनी मला सांगून टाकलं, "रविवारी दोंडाईच्याले चाललो आम्ही. पोरगी पाहाले. पसंत पडली त तिथंच हयद लावू, लगन लावूनच येऊ."

"एका दिवसात?"

"मंग काय करू व माय? डाक्टर सोनं कापतो म्हनते. लगनात काढलं त चालते… तसं नही चालत."

मला समजायला एक क्षण लागला. पाहायला गेलेली माणसं लग्न उरकून परत येतात, हे आमच्याकडे नवं नाही. उन्हाळ्यात तर सर्रास होतं. पण एका कानापायी!

"म्हणजे बाळी काढता यावी म्हणून लग्न?" माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. "आणि त्या मुलीला हे माहीत आहे? की तिला वाटतंय, मुलाला बायको हवीय म्हणून येतायत? उद्या कुणी विचारलं की तुझं लग्न कसं जमलं, तर काय सांगेल ती? नवऱ्याचा कान पिकला होता म्हणून?"

"कामिनी नाव आहे तिचं," कुंदाबाई म्हणाल्या. जणू तेवढ्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर होत होतं.

कुंदाबाई गोळ्या आणायला बाहेर गेल्या तशी मी भिकनकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्हाला तोंड आहे ना?"

"आईनं दोन लेकरं मातीत ठेवलीत," तो हळू म्हणाला. "ती म्हणते सोनं आधी निघालं तर मीही जाईन. मला खोटं वाटतं. पण तिच्यासमोर ते खोटं करून दाखवायचं… ते मला जमत नाही."

मी ट्रेमधल्या पट्ट्या उगाच नीट लावल्या.

"सूज उतरली तर नाना दोंडाईच्याला जाणार नाहीत," तो पुढे म्हणाला. नाना म्हणजे त्याचे वडील, रतिलाल. "रविवारच्या आत उतरायला हवी."

"मग उतरेल. मी उतरवते. बघतेच!"

हे सगळं मी कामिनीसाठी करत होते. निव्वळ कामिनीसाठी. त्या दिवशी घरी जाताना मी हे स्वतःला तीनदा सांगितलं.

बुधवारी सकाळी कान होता तसाच. वर पांढुरका थर आणि कडेची कातडी सुरकुतलेली.

"मीठ किती घालता?"

"आई मूठभर घालते. म्हणते पोराच्या कानाला चिमूटभरानं काय होणार."

"मूठभर! लोणचं घालायचंय का कानाचं?"

दुपारच्या सुट्टीत डबा न खाता मी त्यांच्या घरी जाऊन धडकले. गच्चीवर बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत होत्या, खाली उडदाच्या पापडांचा घाट घातलेला. कुंदाबाई पुढे आल्या, "थांब व माय, मीठ दाखवते," म्हणाल्या.

"राहू द्या काकू. मला मीठ ओळखता येतं!" मी म्हणाले. "तुमच्या या मुठीमुळेच कान असा झालाय. पोराच्या काळजीनं तुम्हीच त्याचं वाटोळं करताय. तुम्ही जरा बाहेर थांबा, मी बघते."

त्या गच्चीवर बिबड्या उलटायला निघून गेल्या. मला तेव्हा आपण बरोबर आहोत याची इतकी खात्री होती की त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही.

पाणी उकळलं. कोमट केलं. फळीवर दोन सारख्या काचेच्या बरण्या होत्या, एक निळ्या झाकणाची, एक हिरव्या. दोन्हींत पांढरं. जवळची घेतली, मोजून पाव चमचा टाकलं. भिकन खाली बसला, मान तिरकी केली. कप कानाशी धरायचा म्हणजे दुसरा हात त्याच्या मानेखाली धरावा लागला. त्याच्या केसांना केळीच्या पानांचा ओला, हिरवा वास होता… आणि पापण्या मुलाला शोभणार नाहीत इतक्या लांब. मी घड्याळाकडे बघत राहिले.

त्यानं एकदम दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं काय त्यात? मीठच आहे."

"हो," तो म्हणाला. "मीठच आहे."

पाच मिनिटं तो हलला नाही.

गुरुवारी सकाळी तो आला तेव्हा कान लालबुंद होता आणि पाळीची कातडी सोलवटली होती. माझा तोल गेला. "काय लावलंत पुन्हा? चुना? खरं सांगा! मी मरमर करतेय आणि तुम्हाला खेळ वाटतोय? की तुम्हालाच जायचंय दोंडाईच्याला? तसं सांगा ना, मी कशाला उन्हात हिंडू!"

"काही नाही लावलं."

"खोटं!"

तो मान खाली घालून ऐकत राहिला. उलट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर मी कुंदाबाईंना जाब विचारायला गेले. हो, जाब! माझी खात्री होती, त्यांनीच मागून काहीतरी चोपडलं असणार. त्या पापडाचं पीठ मळत होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी फळीवरची हिरव्या झाकणाची बरणी काढली आणि त्यातली पांढरी पूड पिठावर टाकली.

"काकू… ते काय?"

"पापडखार."

मी बरणीत बोट घातलं, पाण्याच्या भांड्यात बुडवून चोळलं. साबणासारखं बुळबुळीत. काल मी कप विसळला तेव्हा हाताला असंच लागलं होतं, आणि मी लक्षसुद्धा दिलं नव्हतं. मीठ ओळखता येतं म्हणे मला!

भिकन दारात उभा होता. मी त्याला ओढतच अंगणात नेलं.

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच क्षणी. लहानपणापासून आईसोबत पापड लाटतोय मी. खार मानेवर ओघळला की कळतो."

"मग ओरडला का नाहीत? वेडे आहात का? कानाची आग आग झाली असेल! आणि आज सकाळी मी एवढं वाट्टेल ते बोलले, तेव्हा तरी…"

"ओरडलो असतो तर आई खाली आली असती. तिनं बरणी पाहिली असती. आणि मग…" तो थांबला. "मग तुम्हाला पुन्हा या घरात पाऊल ठेवू दिलं नसतं तिनं."

अंगणात कुठेतरी पापडांवरचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. मला खूप राग आला होता आणि या वेळी तो ठेवायला माझ्याशिवाय दुसरी जागा नव्हती.

मी आत गेले. कुंदाबाईंसमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. बरणी कोणती, चमचा किती, किती मिनिटं. "काकू, तुमच्या मुठीनं नाही, माझ्या हातानं बिघडलाय कान. मी तुम्हाला नको ते बोलले. चुकलं माझं."

त्या पीठ मळत राहिल्या. मला वाटलं, आता उठतील आणि हात धरून बाहेर काढतील. त्यांना तो हक्क होता.

"मूठभर मीठ म्या टाकलं," शेवटी त्या म्हणाल्या. "खार तू टाकला. दोघीबी त्याच्या कानाशीच भांडलो, त्याले कोनी इचारलं नही दुखते का." मग पिठाच्या हातानंच डोळे पुसले. "सकाळी लवकर ये. मीठ मी दाखवते."

पुढचे दोन दिवस मी सकाळी ड्यूटीच्या आधी आणि संध्याकाळी ड्यूटीनंतर त्यांच्या घरी होते. निळं झाकण. पाव चमचा. बोटानं चोळून पाहायचं, मग कपात टाकायचं. कुंदाबाई समोर बसून बघायच्या. शुक्रवारी संध्याकाळी मात्र त्या पापड गोळा करायला वर गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो, मध्ये तो कप.

"तुमच्या डाव्या कानाचं भोक लांबलंय," भिकन म्हणाला.

मी झटकन केस पुढे ओढले.

"म्हणून डाव्या कानात नेहमी हलकं घालता. उजव्यात जड चालतं तुम्हाला."

"हलू नका. पाणी सांडेल."

"कशानं लांबलं?"

सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. सोळाव्या वर्षी मावसबहिणीच्या लग्नात हौसेनं जड झुमके घातले होते, तीन दिवस. भोक फाटत गेलं, पिकलं. मलाही हळद, मलाही तेल. शेवटी जळगावला नर्सिंगला गेल्यावर तिथल्या मॅडमनी मिठाच्या पाण्यानं बरं केलं. पण लांबलेलं ते लांबलेलंच. "मागच्या वर्षी मला पाहायला आले होते. त्यांच्यातल्या एका बाईनं केस बाजूला करून पाहिलं आणि माझ्या देखत म्हणाली, मुलीचे कान खराब आहेत."

"कोण?" भिकन ताठ झाला. अर्धं पाणी माझ्या मांडीवर. "कोणत्या गावची? असं तोंडावर? आणि तुमच्या घरच्यांनी चहा पाजला त्यांना? कान बघायला आले होते की माणूस बघायला!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला रागावलेलं पाहिलं. पापडखार कानात मुरवून घेणारा माणूस माझ्या कानासाठी लाल झाला होता. मी पुन्हा पाणी कोमट करायला उठले, कारण चेहऱ्यावर काय दिसतंय ते मलाच सांगता आलं नसतं.

तेव्हा मात्र मला कळलं. कामिनीचा यात काही संबंध नव्हता. आणि कळल्याबरोबर दुसरा राग उफाळला — बाळी काढायला बायकोच हवी, तर दोंडाईच्यापर्यंत जायची काय गरज होती? सावद्यात मुली नव्हत्या? रोज तास तास कान धरून बसलेली एकही दिसली नाही याला? पण हे विचारणार कोणत्या तोंडानं? कानासाठी लग्न म्हणजे अन्याय, हे मीच दवाखानाभर ओरडून सांगितलं होतं.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी कान उलटसुलट पाहिला. सूज उतरली होती. पाळी मऊ, नेहमीच्या रंगाची, फाटलेल्या जागी फक्त गुलाबी रेघ. "राहू द्या बाळी," ते म्हणाले. बाहेर रतिलाल नानांनी दोंडाईच्याला फोन लावला आणि येत नसल्याचं कळवलं. कुंदाबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. भिकन "येतो मॅडम" म्हणाला.

आणि आलाच नाही. सोमवारी नाही. मंगळवारी नाही. कान बरा झाला, काम झालं, मॅडम कोण! बुधवारी मी एका धडधाकट माणसाला, त्याचा काहीही गुन्हा नसताना, सलग तीन प्रश्न ओरडून विचारले. पुढचा नंबर पुकारला तर भिकन आत आला. रीतसर केसपेपर काढून, रांगेत बसून.

"काय होतंय?" मी केसपेपरकडे बघत विचारलं.

"काही नाही."

"मग कशाला आलात? इथं आजारी माणसं येतात."

"कान बघा ना."

बघितला. ठणठणीत होता.

"तीन दिवस मिठाचं पाणी न लावता ठेवलाय," तो म्हणाला. "परत सुजतो का ते बघायचं होतं. नाही सुजला. बाळी आता म्हातारपणापर्यंत राहिली तरी अडचण नाही. म्हणजे मला लग्न करायची काही गरज नाही."

"अभिनंदन."

"म्हणून आज आलो." तो बाळीला हात लावता लावता थांबला. "गेल्या आठवड्यात विचारलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, कानासाठी विचारतो. खरं ना? आता कान बरा आहे. आता विचारू का?"

बाहेर कूलर खडखडत होता. रांगेतल्या म्हाताऱ्या पडद्याला कान लावून होत्या.

"तीन दिवस!" मी म्हणाले. "तीन दिवस एक शब्द नाही! मला काय वाटलं असेल याचा विचार केलात? माणूस मेला का जगला कळायला मार्ग नाही… आणि मी इथं लोकांवर ओरडतेय…"

"म्हणजे हो?"

"घाई नाही करायची! साखरपुडा वेगळा, लग्न वेगळं. एका दिवसात काही उरकायचं नाही. आणि माझ्या आईबाबांना नीट भेटायचं. आणि टूथपेस्ट—"

"दातांनाच," तो म्हणाला. या वेळी तो पूर्ण हसला, दोन्ही बाजूंनी.

मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. माळ घातल्यावर, मनुदेवीच्या फोटोसमोर, कुंदाबाईंच्याच सांगण्यावरून बाळी मी काढली. सवयीच्या हातांनी तार सैल केली, हळूच ओढली आणि देवीच्या पायाशी ठेवली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तो कान मोकळा झाला. कुंदाबाईंचा हात भिकनच्या छातीवर होता. त्या तशाच उभ्या राहिल्या, हाताखालचे ठोके मोजत असाव्यात. भिकन हलला नाही, त्यांना हवा तेवढा वेळ त्यानं दिला. मग त्यांनी हात काढला, पदर तोंडाला लावला आणि एकदाच मोठ्यानं रडल्या. मीही रडले, आणि सगळ्यांदेखत रडायला लावलं म्हणून भिकनवर चिडले.

थोड्या वेळानं त्या आतून आल्या. हातात कप. कपातून वाफ येत होती.

"घे व माय, कान बुडव त्याचा. रिकामं भोक आहे, जपाव लागते," त्या माझ्या हातात कप देत म्हणाल्या. मग आवाज न उतरवता, पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात, पुढचं सांगितलं.

"मीठच आहे. म्या चाटून पाह्यलं."